एक्झिट कोड वाचताना आधी विचारा: हा आकडा कोणी लिहिला?

बिल्ड (म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर बांधण्याची प्रक्रिया) कोसळले की लॉगच्या तळाशी एक आकडा उरतो, आणि बहुतेक जण तोच आकडा इंटरनेटवर शोधत सुटतात. समजा, ग्नू मेक या बिल्डच्या पायऱ्या चालवणाऱ्या साधनाने चालवलेल्या बिल्डच्या शेवटी 'मेक: *** [मेकफाइल:४२: टेस्ट] एरर १२७' अशी ओळ आली. लगेच टर्मिनलवर 'एको $?' ही शेवटच्या कमांडचा कोड छापणारी कमांड दिली, तर उत्तर १२७ येत नाही, २ येते. हेच मेक एखाद्या स्क्रिप्टमधून चालले असेल आणि त्या स्क्रिप्टने बिघाड दिसताच 'एक्झिट १' म्हणून काम थांबवले असेल, तर बिल्ड सर्व्हरच्या पडद्यावर १ दिसतो. बिघाड एकच आहे, आकडे मात्र तीन आहेत. त्यांपैकी १२७ शेलने (आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) लिहिला, २ मेकने लिहिला आणि १ स्क्रिप्टने लिहिला. एक्झिट कोडच्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथेच असते: आकडा ज्या हातांतून जातो, त्यांतला प्रत्येक हात तो बदलू शकतो. त्यामुळे 'या आकड्याचा अर्थ काय' असे विचारण्याआधी 'हा आकडा कोणी लिहिला' असे विचारावे.

मुळात एक्झिट कोड म्हणजे एखादी प्रोसेस संपताना तिला सुरू करणाऱ्या प्रोसेससाठी मागे ठेवलेला एक पूर्णांक. ० म्हणजे काम झाले आणि इतर काहीही म्हणजे झाले नाही, एवढाच त्यामागचा संकेत आहे. लिनक्स, मॅकओएस आणि युनिक्सच्या घराण्यातील इतर प्रणालींवर शेल जेव्हा हा पूर्णांक वाचते, तेव्हा तिथे त्याचे खालचे ८ बिटच पोहोचतात, म्हणून ० ते २५५ एवढेच आकडे दिसतात. प्रोग्रॅमने -१ परत केला तर आपल्याला २५५ दिसतो आणि २५६ परत केला तर ० दिसतो. ही केवळ गणिती गंमत नव्हे. एखाद्या चाचणी-साधनाने नापास झालेल्या चाचण्यांची संख्याच एक्झिट कोड म्हणून द्यायचे ठरवले, तर ज्या दिवशी नेमक्या २५६ चाचण्या नापास होतील त्या दिवशी बिल्ड हिरवे दिसेल. स्वतःचे साधन लिहिणाऱ्याने संख्या लॉगमध्ये छापावी आणि कोड म्हणून ० किंवा १ द्यावा, हे बरे.

आता शेलने स्वतः लिहिलेल्या आकड्यांकडे वळू. १२६ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवता आली नाही. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. या दोन्ही वेळी ज्या प्रोग्रॅमवर आपण आळ घेतो तो चाललेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या दस्तऐवजात या आकड्यांचा अर्थ शोधणे व्यर्थ असते.

१२७ जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याचे पहिले कारण सर्वांना माहीत असते आणि बाकीची तासन्‌तास छळतात. पहिले कारण म्हणजे 'पाथ' या, कमांड कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या वेरिएबलमध्ये त्या कमांडची फोल्डर नसणे. आपल्या टर्मिनलवर ती कमांड चालते, कारण लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलींनी पाथ वाढवलेला असतो, पण बिल्ड सर्व्हरने सुरू केलेल्या शेलने त्या फाइली वाचलेल्याच नसतात. दुसरे कारण ओळीच्या अखेरीस दडलेले असते. विंडोजवर जतन झालेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असते. स्क्रिप्टची पहिली ओळ 'एन्व्ह'च्या मार्फत बॅश हे शेल शोधायला सांगत असेल, तर लिनक्सवर 'बॅश' ऐवजी 'बॅश आणि ते अदृश्य अक्षर' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधला जातो, तो अर्थातच मिळत नाही आणि हाती १२७ पडतो. तिसरे कारण सर्वांत चकवणारे आहे. फाइल डोळ्यांसमोर असते, तिला चालवण्याची परवानगीही असते, तरी 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' असा संदेश येतो. इथे हरवलेली फाइल ही नसून तिला मेमरीत चढवणारा लोडर असतो. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवण्याच्या बंदिस्त वातावरणात) टाकला की हे हमखास घडते, कारण अल्पाइनमध्ये ग्लिबसीच्या जागी मसल ही लायब्ररी असते आणि प्रोग्रॅमला हवा असलेला लोडर तिथे नसतो. संदेशात लोडरचे नाव येत नाही, हा जुना त्रास आहे.

१२८ च्या पुढचे आकडे सहसा सिग्नलचे, म्हणजे प्रोसेसला पाठवलेल्या क्रमांकित सूचनांचे असतात. प्रोसेस आपणहून संपली की सिग्नलने मारली गेली, हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पालक प्रोसेसला वेगळेपणाने सांगतो, पण शेलच्या '$?' मध्ये एकच आकडा मावतो, म्हणून बॅश, डॅश आणि झेडशेल ही शेल सिग्नलच्या क्रमांकात १२८ मिळवतात. १३० म्हणजे सिग्नल २, अर्थात कोणीतरी कंट्रोल-सी दाबले. १३४ म्हणजे सिग्नल ६, प्रोग्रॅमने स्वतःच 'अबॉर्ट' पुकारले. १३७ म्हणजे सिग्नल ९, १३९ म्हणजे सिग्नल ११ (मेमरीच्या निषिद्ध भागाला हात लावणे) आणि १४३ म्हणजे सिग्नल १५, म्हणजे थांबण्याची सभ्य विनंती. ही बेरीज शेलची आहे, कर्नलची नव्हे, याचा पुरावा म्हणजे इतर मंडळी ती वेगळी करतात. कॉर्न शेलची ९३ ही आवृत्ती १२८ ऐवजी २५६ मिळवते, आणि पायथनचे सबप्रोसेस मॉड्यूल तोच मृत्यू ऋण आकड्याने, म्हणजे -९ असा दाखवते. शिवाय एखादा प्रोग्रॅम स्वतःहून 'एक्झिट १३७' म्हणू शकतोच, आणि मग शेलकडे पाहून खरे सिग्नल आणि तोतया सिग्नल ओळखता येत नाहीत.

बिल्डमध्ये १३७ दिसला तर पहिला संशय मेमरीवर घ्यावा. मेमरी संपत आली की लिनक्सचा कर्नल एखादी मोठी प्रोसेस निवडून तिला सिग्नल ९ ने संपवतो, आणि कंटेनरला मेमरीची मर्यादा घातलेली असेल तर ती ओलांडतानाही हेच होते. हा सिग्नल अडवता येत नसल्यामुळे कंपायलरला जाता जाता एक ओळही छापता येत नाही, म्हणून लॉग मध्येच तुटलेला दिसतो. कर्नलचा लॉग 'डीमेसेज' या कमांडने पाहिला तर कोणाला मारले याची नोंद तिथे सापडते. एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या कमी करून बिल्ड पार पडले, तर संशय जवळजवळ सिद्ध झाला. मात्र १३७ चे दुसरेही एक मूळ आहे: कंटेनर थांबवणारी 'डॉकर स्टॉप' ही कमांड आधी सिग्नल १५ पाठवते, नेहमीच्या लिनक्स कंटेनरला १० सेकंद वाट पाहते आणि तरीही कंटेनर थांबला नाही तर सिग्नल ९ पाठवते. म्हणजे मेमरी भरपूर असूनही, केवळ सभ्य विनंती न ऐकल्यामुळे १३७ येऊ शकतो. वेळमर्यादेसाठी ग्नूची 'टाइमआउट' कमांड वापरली असेल, तर वेळ संपल्यावर ती साधारणपणे १२४ देते, त्यामुळे तो आकडा मेमरीच्या खात्यावर जात नाही.

इथवरचे आकडे निदान बिघाड झाल्याचे तरी सांगतात. अधिक धोकादायक ते, ज्यांत बिघाड असून ० येतो.

पाइप, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीत ओतणारी जोडणी, हे त्याचे नेहमीचे ठिकाण. चाचण्यांचा निकाल पडद्यावरही दिसावा आणि फाइलीतही जावा म्हणून आपण चाचणीची कमांड पाइपने 'टी'ला जोडतो. पाइपचा एक्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो, आणि 'टी'ने तर आपले काम चोख केलेले असते. चाचण्या नापास होवोत, बिल्ड हिरवेच राहते. यावरचा उपाय 'सेट -ओ पाइपफेल' हा आहे, ज्याने पाइपमधील कोणतीही कमांड अपयशी ठरली की सबंध पाइप अपयशी धरला जातो. अधिक बारकाईने पाहायचे असेल तर बॅशमध्ये 'पाइपस्टेटस' नावाच्या ॲरेत प्रत्येक कमांडचा कोड वेगळा मिळतो. झेडशेलमध्येही तसाच ॲरे आहे, फक्त त्याचे नाव लहान लिपीत लिहावे लागते आणि मोजणी ० ऐवजी १ पासून सुरू होते, त्यामुळे एका शेलची ओळ दुसऱ्यात चिकटवली की चुकीच्या कमांडचा कोड हाती येतो किंवा रिकामी जागा मिळते.

पाइपफेल सुरू केल्यावर काही दिवसांत कोणीतरी १४१ ची तक्रार घेऊन येतो. १४१ म्हणजे १२८ अधिक १३, आणि १३ हा तुटलेल्या पाइपचा सिग्नल. लांबलचक यादी 'हेड'मध्ये ओतून तिची पहिली ओळ घेतली की 'हेड' आपले काम संपवून निघून जाते, मागे यादी लिहिणारी कमांड वाचणाराच उरला नाही म्हणून सिग्नलने मरते, आणि पाइपफेल तिला अपयश मानते. हा खरा बिघाड नव्हे. अशा ठिकाणी पहिली ओळ घेण्याचे काम यादी करणाऱ्या कमांडच्याच एखाद्या पर्यायावर सोपवावे, पण त्रास नको म्हणून सगळ्या स्क्रिप्टमधून पाइपफेल काढून टाकू नये.

आता शेल कोणते या मुद्द्याकडे. मेकफाइलमधील ओळी आपण ज्या शेलमध्ये बसलो आहोत त्यात चालत नाहीत. मेक मुद्दाम आपल्या वातावरणातील 'शेल' हे वेरिएबल दुर्लक्षित करते आणि सांगितले नसेल तर प्रणालीचे साधे 'एसएच' वापरते. आणि 'एसएच' या एकाच नावामागे जागोजागी वेगळे शेल उभे असते. उबुंटूने २००६ साली, ६.१० या आवृत्तीपासून, तिथे बॅशऐवजी डॅश बसवले. मॅकओएसवर २०१९ पासून नव्या वापरकर्त्याचे शेल झेडशेल असले, तरी 'एसएच' या नावाने अजूनही बॅशची ३.२ ही जुनी आवृत्ती उत्तर देत आली आहे. म्हणून मॅकवर पाइपफेल लिहिलेले मेकफाइल सुरळीत चालते आणि उबुंटूच्या सर्व्हरवर 'इलीगल ऑप्शन' म्हणत २ या कोडने पडते. पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकात पाइपफेलला जागा मिळाली ती २०२४ च्या आवृत्तीत, त्यामुळे जुन्या प्रणालींवर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. मेकफाइलच्या वरच्या बाजूला 'शेल' हे वेरिएबल स्पष्टपणे बॅशला नेमून देणे हा साधा उपाय आहे.

याहून घातक प्रकार दुहेरी चौकटी कंसांचा आहे. बॅशमधली 'इफ [[ ... ]]' ही अट डॅशला कळत नाही, त्याला ती '[[' नावाची कमांड वाटते. ती सापडत नाही, म्हणून तिचा कोड १२७ होतो. पण 'इफ'च्या लेखी शून्येतर म्हणजे 'अट खोटी', त्यामुळे स्क्रिप्ट न थांबता 'एल्स'च्या वाटेने पुढे जाते आणि शेवटी ० देते. लॉगमध्ये 'नॉट फाउंड' एवढी एक ओळ येते, ती शेकडो ओळींत कोणाला दिसत नाही. चुकीच्या पर्यायांसह बांधलेले सॉफ्टवेअर मग हिरव्या बिल्डमधून बाहेर पडते.

'सेट -ई' लिहिले की असे काही होणार नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. एखादी कमांड शून्येतर कोड देताच स्क्रिप्ट थांबवणे हे तिचे काम, पण 'इफ'च्या अटीत, '&&' किंवा '||' च्या डाव्या बाजूला आणि '!' नंतर आलेल्या कमांडना ती सूट देते. ही सूट फंक्शनच्या आतही पाझरते: एखादे फंक्शन 'इफ'च्या अटीत वापरले, की त्या फंक्शनमधल्या साऱ्या ओळींसाठी 'सेट -ई' निष्प्रभ होते. आणखी एक खाच म्हणजे 'लोकल' हा शब्द. फंक्शनमध्ये 'लोकल आवृत्ती=$(कमांड)' असे एकाच ओळीत लिहिले, तर '$?' मध्ये आतल्या कमांडचा नव्हे, तर 'लोकल'चा कोड येतो, आणि तो ० असतो. घोषणा एका ओळीत आणि नेमणूक दुसऱ्या ओळीत केली की आतला कोड शाबूत राहतो. मेकफाइलमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमध्ये चालते आणि ओळीगणिक कोड तपासला जातो, पण एकाच ओळीत अर्धविरामांनी कमांड जोडल्या तर फक्त शेवटच्या कमांडचा कोड मेकपर्यंत पोहोचतो. अर्धविरामाच्या जागी '&&' वापरावे ते यासाठी.

विंडोजवर नियमांचा संचच वेगळा आहे. तिथे कोड ३२ बिटांचा असतो, म्हणून -१०७३७४१८१९ किंवा ३२२१२२५४७७ असे अक्राळविक्राळ आकडे भेटतात. हे दोन्ही एकच आहेत, एक चिन्हासह वाचलेला आणि दुसरा चिन्हाविना. सोळा-आधारी पद्धतीत तो सी००००००५ होतो आणि त्याचा अर्थ मेमरीला अनधिकृत स्पर्श, म्हणजे लिनक्सवरच्या १३९ चा भाऊ. असा आकडा दिसला की कॅल्क्युलेटरवर तो सोळा-आधारी करून पाहावा, कारण विंडोजच्या दस्तऐवजात तो त्याच रूपात सापडतो. कमांड न सापडल्याचा कोड बॅच फाइलीत (विंडोजच्या कमांड-स्क्रिप्टमध्ये) सहसा ९००९ असतो.

बॅच फाइलीतील 'इफ एररलेव्हल १' या ओळीचा अर्थ 'कोड १ असेल तर' असा नसून '१ किंवा अधिक असेल तर' असा आहे. साहजिकच वर सांगितलेला ऋण कोड तिच्या हातून निसटतो: प्रोग्रॅम कोसळतो आणि तपासणी त्याला यश समजते. त्याऐवजी एररलेव्हल हे वेरिएबल ० च्या बरोबर आहे की नाही, असे पाहावे. तेही कंसांच्या आत पाहू नये, कारण बॅच फाइलीत कंसांतला सारा मजकूर एकदाच वाचला जातो आणि टक्केचिन्हांतील वेरिएबलच्या जागी त्या क्षणाची किंमत बसवली जाते. कंसांत शिरण्यापूर्वी कोड ० असेल तर आत काहीही घडले तरी ० च दिसत राहतो. विलंबित विस्तार सुरू करून टक्केचिन्हांऐवजी उद्गारचिन्हे वापरली की हा प्रश्न सुटतो. तसेच, एका बॅच फाइलीतून दुसरी बॅच फाइल 'कॉल' न लिहिता चालवली, तर नियंत्रण परत येतच नाही. विंडोजवर 'एनपीएम' ही जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणारी कमांड स्वतः एक बॅच फाइल असल्यामुळे, 'एनपीएम इन्स्टॉल'च्या खालच्या ओळी का चालल्या नाहीत याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

विंडोजच्या पॉवरशेल या दुसऱ्या शेलमध्ये '$?' हा आकडा नसून खरे-खोटे आहे, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमचा कोड 'लास्टएक्झिटकोड' या वेरिएबलमध्ये असतो. त्रुटी आली की थांबण्याचे पॉवरशेलचे जे धोरण-वेरिएबल आहे, ते बाहेरच्या प्रोग्रॅमच्या शून्येतर कोडला पूर्वी जुमानत नसे, आणि त्यासाठीची स्वतंत्र सोय ७.४ या आवृत्तीत पक्की झाली. जुन्या आवृत्तीवर प्रत्येक महत्त्वाच्या कमांडनंतर तपासणी हाताने लिहावी लागते. स्क्रिप्ट कशी सुरू केली यानेही आकडा बदलतो. '-कमांड' या पर्यायाने चालवल्यास बाहेरच्या प्रोग्रॅमचा शून्येतर कोड १ होऊन बाहेर पडतो, तर '-फाइल'ने चालवल्यास स्क्रिप्टने स्वतः 'एक्झिट' लिहून दिलेला आकडा जसाच्या तसा जातो. तिने काहीच लिहिले नसेल, तर शेवटचा प्रोग्रॅम अपयशी ठरूनही ० जातो.

शून्येतर कोड म्हणजे बिघाडच, असेही समजू नये. 'ग्रेप'ला शब्द सापडला नाही तर ती १ देते आणि खरी अडचण आली तर २. 'डिफ' दोन फाइलींत फरक आढळला की १ देते. विंडोजची 'रोबोकॉपी' फाइली व्यवस्थित उतरवून घेतल्यावर १ देते, आणि तिचे ८ च्या खालचे सारे कोड यशाचेच असतात, त्यामुळे ती बिल्डमध्ये घातल्याबरोबर पहिल्याच यशस्वी नकलेला बिल्ड लाल होते. पायथनचे चाचणी-साधन पायटेस्ट चाचण्या नापास झाल्यावर १ देते, पण एकही चाचणी सापडली नाही तर ५. आणि फोल्डरचे नाव बदलल्यावर अचानक आलेला ५ हा आपला मित्र आहे, त्याला दाबून टाकू नये. उलट 'कर्ल' ही वेबवरून फाइल उतरवणारी कमांड सर्व्हरकडून ४०४ हे उत्तर आले तरी ० देते, कारण तिच्या दृष्टीने संवाद पार पडलेला असतो. फाइलीच्या जागी त्रुटीचे पान उतरते आणि बिल्ड तीन पायऱ्या पुढे जाऊन, भलत्याच ठिकाणी पडते. 'फेल' हा पर्याय दिला की ती अशा वेळी २२ देते.

प्रत्यक्ष शोध घेताना आतून बाहेर यावे. लॉगमध्ये सर्वांत आधी आलेला शून्येतर आकडा गाठावा. शेवटी छापलेला आकडा बहुधा कोणीतरी सारांशासाठी लिहिलेला असतो. मेकला '--ट्रेस' हा पर्याय दिला तर कोणत्या ओळीने काय चालवले ते दिसते, आणि शेल स्क्रिप्टमध्ये 'सेट -एक्स' लिहिले की प्रत्येक कमांड चालण्यापूर्वी छापली जाते. संशयित कमांड सापडली की ती एकटी, त्याच शेलमध्ये आणि शक्य तितक्या रिकाम्या वातावरणात चालवावी. 'एन्व्ह -आय' वातावरण पुसून देते, आणि आपल्या टर्मिनलवर चालणारी कमांड तिथे १२७ देऊ लागली तर पाथचा प्रश्न जागेवरच उघडा पडतो.

'$?' पाहण्याआधी दुसरे काहीही चालवू नये. लॉगमध्ये 'आता कोड तपासतो' असे छापणारी ओळसुद्धा एक कमांडच असते आणि तिच्या यशाने आधीचा कोड पुसला जातो, म्हणून तो लगेच एखाद्या वेरिएबलमध्ये उचलून ठेवावा. स्क्रिप्टच्या शेवटी तात्पुरत्या फाइली पुसणारी ओळ असेल, तर नेमके हेच नुकसान ती अख्ख्या स्क्रिप्टचे करते, कारण स्क्रिप्टचा कोड शेवटच्या कमांडचा असतो आणि फाइली पुसणे सहसा यशस्वीच होते. ही साफसफाई बॅशमध्ये 'ट्रॅप'वर सोपवून तिला 'एक्झिट'च्या वेळी चालवायला सांगावे. त्या ट्रॅपमध्ये वेगळे 'एक्झिट' लिहिले नाही, तर साफसफाई होऊनही मूळ कोडच बाहेर जातो.